घागर खाली टेकवायची नाही

"फोन आण हिकडं," म्हणत भरमाप्पांनी थोरल्या मुलापुढे हात पसरला.

वीरेश नुकताच अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून मांडवात आला होता. नेसलेल्या धोतरावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून एका हातानं त्यानं ते कमरेशी धरूनच ठेवलं होतं. अग्निशमन दलात लागल्यापासून त्याच्या अंगाला पँट आणि पायाला जाड बूट एवढंच ठाऊक होतं. पण आज धाकट्या शशिधरच्या लग्नाचा गुग्गुळ होता. मडक्यात तेलात भिजवलेली सरकी पेटवायची, वर गुग्गुळ टाकायचा आणि ती पेटती घागर वाजतगाजत गावाबाहेरच्या वीरभद्राच्या देवळात न्यायची, ही या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. घागर डोक्यावर घ्यायची ती थोरल्या मुलानंच. आणि एकदा उचलली की देवळाच्या पायरीपर्यंत ती खाली टेकवायची नाही.

"फोन कशाला आप्पा?"

"आज तू माझा थोरला पोरगा हायेस, सरकारचा न्हवं. मधनंच वाजला तर तू जाणार. मी वळकतो तुला."

"रजा हाय माझी."

"रजा बारशालाबी हुती."

त्याच्या मुलाच्या बारशाला पाळणा सजला, बायका जमल्या, आणि बाप मात्र शिरोळच्या पुरात बोटीवर. चौथ्या दिवशी आला तो कमरेपर्यंत चिखलात माखलेला, आणि बाळानं त्याला बघून भोकाड पसरलं. बहिणीच्या, सौंदर्याच्या पाठवणीलाही तसंच. गाडी निघाली तेव्हा हा कुठल्याशा प्लायवूडच्या गोदामावर पाणी मारत होता. भरमाप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. मनात काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे त्यांना चांगलं कळे, पण या दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नव्हत्या.

"सगळ्यांसमोर सांगतो," भरमाप्पांनी आवाज चढवला. मांडवातली भावकी चहाचे कप खाली ठेवून ऐकू लागली. "आज ह्यो मधनं गेला, तर आजपासनं ह्या घरचं थोरलेपण शशीकडं. मग मला कुणी समजूत घालाय यायचं न्हाय."

थोरलेपण म्हणजे नेमकं काय, हे विचारलं असतं तर त्यांनाही चटकन सांगता आलं नसतं. दुकानाची पाटी, पूजेतला मान, सोयरीक जुळवताना शेवटचा शब्द, असं काहीबाही त्यात येई. पण ते गेलं तर काय जातं हे त्या मांडवातल्या प्रत्येकाला कळत होतं. वीरेशला तर फारच. बापानं आपल्याला पुन्हा एकदा थोरला म्हणावं म्हणून गेली कित्येक वर्षं तो आतून तुटत होता, आणि हे त्यानं बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

"आप्पा बरोबर बोलत्यात," सौंदर्या म्हणाली. ती कुरुंदवाडला दिलेली. "पाठवणीला माझ्या आला न्हाईस. आला कवा, तर पुरात."

"तुलाच काढाय आलतो की बोटीतनं!"

"त्येच म्हणालोय मी. बोट आसली की येतोस."

शशिधर अंगाला हळद लावून पाटावर बसला होता. आपल्या लग्नात आपल्याविषयी कुणीच बोलत नाही, हे एव्हाना त्याच्या लक्षात आलं होतं. थोरलेपण आपल्याकडे येणार म्हणून हसावं की भावाकडे बघून मान खाली घालावी, हे न कळल्यामुळे त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं.

वीरेशनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शिवलीला, त्याची बायको, तिथं पदर खोचून उभी होती. आदल्या दिवशीच तिनं त्याच्याकडून शब्द घेतला होता: उद्याचा एक दिवस. फक्त एक दिवस.

ती काही न ऐकताच चुलीकडे वळली, आणि त्यानं फोन बापाच्या हातात ठेवला. तो बंद कसा करायचा हे भरमाप्पांना येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. मग शशिधरनंच त्याचा आवाज बंद केला. भरमाप्पांनी तो कोपरीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून छातीवर हात दाबला.

आता या फोनची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. उचगावच्या त्या भागात एकशेएक हा अग्निशमनचा नंबर कुणी लावत नसे. गॅस गळो, गाय विहिरीत पडो, कुणाच्या घरात साप निघो, लोक वीरेशला लावत. हे त्याच्या आईचं, शिवगंगाचं काम. पोरगा दलात लागला त्या दिवसापासून या माउलीनं त्याचा नंबर गिरणीत, भिशीत, देवळात, बाजारात ज्याला त्याला दिला. "आमचा वीरेश हाय की, त्येला लावा," हे तिचं म्हणणं. आणि वीरेशही असा, की झोपेत असला तरी पहिल्या रिंगला उचलायचा, पत्ता विचारायचा आणि दुसऱ्या फोनवरून अग्निशमन केंद्राला खबर, त्यांच्या भाषेत वर्दी, द्यायचा. बंबावरचा चालक बाळासो त्याला चिडवी, की तुझं घर म्हणजे आमचं दुसरं कंट्रोल रूम हाय. वीरेशला ते ऐकून बरं वाटे. कशाला खोटं बोला, फारच बरं वाटे.

---

मिरवणूक निघाली. पुढे हलगी आणि सनई, मागे कन्नडमधून वीरभद्राचं गाणं म्हणत निघालेला पुरवंत. त्यातलं निम्मं भावकीला कळत होतं, निम्म्याला ती नुसती मान हलवत होती. मध्ये वीरेश, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घागर. धूर असा दाट की त्याच्या शेजारून चालणारा शशिधर अधूनमधूनच दिसत होता. नवरदेवानं घागरीला हात लावायचा नाही, पण तिच्याबरोबर चालायचं, असाही एक नियम होताच.

भरमाप्पा मागून चालत होते. आज त्यांना छाती भरून आल्यासारखं वाटत होतं. पोराची चाल बघावी तर एक पाऊल इकडचं तिकडे नाही. पोराला दाखवत नसले तरी त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो दाखवायला असा एखादा दिवस लागतो.

तेवढ्यात खिशात गुरगुर झाली.

त्यांनी फोन काढला. आक्का. शेजारच्या गणपतरावांची बायको. मराठ्यांचं घर, पण चाळीस वर्षांचा शेजार. गणपतराव फाउंड्रीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात अर्धांगानं बिछान्याला खिळले, म्हणून आक्का मिरवणुकीला आली नव्हती. पाव्हण्यांसाठी भाड्यानं आणलेल्या गाद्या तिच्याच पुढच्या खोलीत रचून ठेवल्या होत्या. गाद्यांचंच काहीतरी विचारत असेल, असं म्हणून भरमाप्पांनी फोन कापला.

पुन्हा गुरगुर. पुन्हा आक्का. पुन्हा कापला.

मग नाव आलं शिवलीलाचं. पानं किती वाढायची म्हणून सून विचारत असणार. तिनं सासूला फोन करावा. मग गिरणीवाला आला, मग कुणी तरी 'संयोगिता गल्ली' नावाची बाई. भरमाप्पा गोंधळले. एवढ्या लोकांना आजच काय काम निघालं? मनात एकदा चर्र झालं. पण ते काही बिनडोक नव्हते. त्यांनी सरळ हिशेब केला. कुठं आग लागली असती तर केंद्रातून फोन आला असता. बाळासोचा आला असता. बाळासोचं नाव आलं तर मात्र आपण द्यायचा फोन, मग थोरलेपणाचं काय व्हायचं ते होऊ दे. असं स्वतःशी ठरवून ते फोन हातातच धरून चालू लागले आणि बाळासोच्या नावाची वाट बघू लागले.

बाळासोचं नाव आलं नाही. बाळासोला कुणी सांगितलंच नव्हतं.

---

आक्काच्या पुढच्या खोलीत आग कशानं लागली हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी म्हणालं पाव्हण्यांनी एकाच बोर्डाला इस्त्री आणि चार-पाच फोन लावले होते, कुणी म्हणालं उदबत्ती, कुणी आणखी काही. शिवलीलाला एवढंच आठवत होतं की ती हुग्गीच्या, गव्हाच्या खिरीच्या, पातेल्याशी होती आणि आक्का मागच्या दारातून केस मोकळे सुटलेल्या अवस्थेत आत आली.

"पोरी, वीरेशला लाव! मी लावालोय तर कट करालाय त्यो!"

"काय झालं?"

"गाद्या पेटल्यात. ह्ये आतल्या खोलीत हाईत!"

शिवलीलानं फोन लावला. वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. आपणच काल शब्द घेतला, म्हणून हा उचलत नाही? एवढा शब्दाला जागणारा हा कधीपासून झाला? तिला रागही आला आणि त्या रागाचा उलट स्वतःलाच चटका बसला. गल्लीतल्या दोघीतिघी धावत आल्या.

"वीरेशला सांगितलं का?" एकीनं विचारलं.

"मीबी लावला, उचलंना," संयोगिता म्हणाली.

"गिरणीवाल्यानंबी लावलाय. म्हंजे बंब येतच आसंल."

सगळ्यांनी सांगितलं होतं, एकाच माणसाला. आणि त्याला सांगितलं म्हणजे बंब निघाला, अशी सगळ्यांची इतक्या वर्षांची खात्री. शिवलीला तर फायरमनची बायको. पुढे कितीतरी दिवस तिला याचीच शरम वाटत राहिली, की एकशेएक हे तीन आकडे तिला त्या वेळी सुचलेच नाहीत.

पण हात चालत होते. वीरेशनं आदल्या दिवशी मांडवाशेजारी पाण्याचं पिंप आणि पोती आणून ठेवली होती. पाव्हणे हसतील म्हणून सासऱ्यांनी ती मागच्या बोळात सरकवली होती. तिनं दोन पोती पिंपात बुचकळली, एक आक्काच्या अंगावर टाकलं, एक स्वतःच्या, आणि दोघी मागच्या दारानं आत गेल्या. पुढची खोली दिसतच नव्हती, नुसता काळा धूर आणि करपट वास. आतल्या खोलीत गणपतराव बाजेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. त्यांना बोलता येत नव्हतं. दोघींनी बाज धरून दाराकडे ओढली. बाज दारात आडवी अडकली. उभी करावी तर माणूस खाली पडणार. पुढे जाईना, मागे येईना.

"वीरेश आला का?" आक्का खोकत विचारत होती. "आला का गं त्यो?"

शिवलीलानं बाजेला पुन्हा हिसका दिला. ती म्हणाली, "आलाच."

---

देवळाच्या अलीकडच्या वळणावर मिरवणूक वळली आणि वीरेशचं तोंड एकदम गावाकडे झालं. आपल्या डोक्यावरच्या धुरातून त्याला दुसरा धूर दिसला. तो घराच्या बाजूला होता आणि काळा होता.

"आप्पा, त्यो धूर कशाचा?"

"आपलाच मागं ऱ्हायलाय. चल म्होरं."

"आपला पांढरा हाय. फोन बघू."

भरमाप्पांनी फोन पुढे केला, पण हातातून सोडेनात. वीरेशनं एका हातानं घागर धरून पडद्यावर नजर टाकली. नावांची रांग लागली होती. आक्का, आक्का, शिवलीला, गिरणी, आक्का.

"उचलला का न्हाय?"

"बाळासोचा आला आसता तर उचलला आसता," भरमाप्पा म्हणाले. "त्येचा न्हाय आला. बघ तू. त्येचा न्हायच."

वीरेशनं फोन ओढून घेतला आणि आक्काला लावला. बाहेर राहिलेला आक्काचा फोन संयोगितानं उचलला, मागे नुसता आरडाओरडा. "कंट्रोलला फोन केला का कुणी?" तो ओरडला. "एकशेएकला?"

"तुलाच केला की! सगळ्यांनी तुलाच केलाय!"

त्या क्षणी वीरेशला जे कळलं ते त्यानं पुढे कधी कुणाला नीट सांगितलं नाही. आपण एवढी वर्षं तयार होतो, पण गल्लीला तयार होऊ दिलं नाही, असं काहीसं ते होतं. त्याला लाज वाटली आणि लगेच त्या लाजेलाही वेळ नव्हता. त्यानं केंद्राला वर्दी दिली, पत्ता सांगितला, घरात बिछान्यावरचा माणूस आहे हे दोनदा सांगितलं. मग बापाकडे वळला.

"घागर घ्या कुणीतरी."

हलगी थांबली. पुरवंत गाणं तोडता येत नाही म्हणून हळू आवाजात म्हणत राहिला.

"खाली टेकवायची न्हाय," भरमाप्पा म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

"टेकवत न्हाय. म्हणून तर म्हणालोय, घ्या."

कुणी पुढे होईना. आत्ता जो घागर घेईल तो थोरलेपण हिसकावून घेतोय असं दिसणार, आणि चुलत्यांपैकी कुणालाच तसं दिसायचं नव्हतं. सकाळी बापाच्या बाजूला असलेली सौंदर्याच आधी पुढे आली.

"आणा, मी घेतो."

"माहेरवाशिणीनं न्हाय घ्यायची," मागून एक म्हातारी म्हणाली.

"मग कुणी घ्यायची? बोला की! तिकडं माणूस जळालाय!"

भरमाप्पांनी स्वतःच हात वर केले. गुडघ्यांमुळे त्यांना साधा भरला हंडाही उचलवत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. ते हात तसेच हवेत राहिले.

"आण्णा, द्या हिकडं," शशिधर म्हणाला.

"तू नवरा हायेस," दोघंतिघं एकदम म्हणाले.

"व्हय. उद्या हाय. आज मोकळाच हाय की मी."

त्यानं हळदीच्या हातांनी घागर उचलून डोक्यावर घेतली. चुंबळ सरकली, दोन ठिणग्या खांद्यावर पडल्या, तो कळवळला पण सोडली नाही. आपण भावाला मोकळं करतोय की त्याची जागा घेतोय, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं. लहानपणापासून ही घागर एकदा तरी आपल्या डोक्यावर यावी असं त्याला वाटत आलं होतं, आणि ती अशी यावी असं मात्र कधीच वाटलं नव्हतं. त्यानं भावाकडे बघितलं. वीरेश धोतर गुडघ्यावर गुंडाळून पळत सुटला होता.

"आता?" शशिधरनं बापाला विचारलं. "म्होरं जाऊ का मागं?"

भरमाप्पांनी देवळाकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. "मला काय कळंना बघ," ते म्हणाले. घराण्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

शेवटी अर्धी मिरवणूक देवळाकडे गेली आणि अर्धी उलटी पळाली. हलगीवाले कुठं जायचं म्हणून बराच वेळ मध्येच उभे राहिले.

---

वीरेश मागच्या दारानं घुसला तेव्हा दोघी खोकून खोकून जमिनीवर बसल्या होत्या. त्यानं शिवलीलाच्या अंगावरचं पोतं काढून स्वतःच्या तोंडावर घेतलं, बाजेवरून चढून आत गेला, गणपतरावांना गोधडीसकट उचलून खाली जमिनीवर घेतलं. धूर वर असतो, श्वास खाली मिळतो. मग गोधडीचं टोक धरून त्यांना बाजेखालून सरपटत ओढत बाहेर आणलं. हे सगळं सांगायला जेवढा वेळ लागला, त्याहून करायला कमी लागला असेल. मधल्या दाराचं लाकूड तोवर पेटलं होतं.

बंब आला. बाळासोनं खाली उडी मारली, पाइप सोडले, आणि पाणी सुरू झाल्यावरच तो बोलला.

"वीरेश, वर्दी इतक्या उशिरा? आरं, धूर तर कवाचा दिसालाय म्हणत्यात लोकं!"

"माझा फोन माझ्याजवळ न्हवता."

"तुझ्या फोनचा काय संबंध हाय?" बाळासो वैतागला. मग त्यानं भोवती जमलेल्या गल्लीकडे पाहिलं, सगळ्यांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. तो पाठ फिरवून पाइपाकडे गेला. तेच जास्त लागलं.

शिवगंगा परत पळालेल्या अर्ध्या मिरवणुकीबरोबर आली होती. तिनं हे पाहिलं आणि ती आक्काच्या पायरीवर मटकन बसली. नंबर तिनंच वाटला होता, किती कौतुकानं.

---

संध्याकाळी दिवेलागणीला भरमाप्पा सरकारी दवाखान्यातून परतले. गणपतराव जिवंत होते. धूर छातीत गेला होता, ऑक्सिजन लावला होता, डॉक्टर म्हणत होते की दोन दिवस काढले तर पुढचं बोलू. आक्का बाहेर बाकावर बसली होती. भरमाप्पांनी तिच्यासमोर उभं राहून सांगितलं होतं, "आक्का, फोन माझ्या खिशात हुता. मीच कापत हुतो." आक्कानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मीबी त्येलाच लावत बसलो की, भरमाप्पा. दुसऱ्या कुणाला लावायचं डोक्यात येईल तर शपथ." यात माफी होती की नव्हती ते त्यांना परत येईपर्यंत ठरवता आलं नाही.

मांडवात पंगत मांडलेली होती. गुग्गुळाच्या दिवशी घागर नेणाऱ्याचं पान पहिलं वाढायचं आणि त्यानं घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. हुग्गी गार होत चालली होती, कारण पहिलं पान कुणाचं हेच ठरेना. लग्न उद्यावर ढकलायचं का, हेही कुणी विचारत होतं, आणि उद्याच तर आहे म्हणून दुसरा त्याला गप्प करत होता.

"देवळापर्यंत शशीनं नेली," एक चुलता म्हणाला.

"पण उचलली वीरेशनं," सौंदर्या म्हणाली. दुपारपासून ती भावाच्या बाजूला होती. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

"मला न्हाई पायजे," शशिधर म्हणाला. खांद्यावर त्याला मलम लावलं होतं. "आण्णाला वाढा."

"देवळात कोण पोचलं? तू. तुला," वीरेश म्हणाला. त्याचे डोळे अजून लाल होते. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आनि एक. आजपासनं आग लागली तर मला कुणी फोन करायचा न्हाय. एकशेएक. मी गाडीवर आसलो तर मी येईन, नसलो तर दुसरा येईल."

शिवगंगाचे डोळे भरले. "म्हंजे आम्ही हाक मारली तर येणार न्हाईस तू?"

"आव्वा, तसं न्हवं..."

"मग कसं?"

शिवलीला हात बांधून खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आत्या, आज मी हाक मारली. दोनदा. आपलं माणूस म्हणून त्यालाच मारली, आनि आत एक माणूस मरत हुतं." एवढं बोलून तिलाच रडू फुटलं. शिवगंगानं तिला जवळ ओढलं. दोघींपैकी कोण कुणाची समजूत घालतंय हे कुणालाच कळलं नाही.

भरमाप्पा पाटावर बसले. बराच वेळ त्यांनी टोपी काढून हातात फिरवली.

"वीरेश, तुमच्या बंबावर माणसं किती आस्त्यात?"

"चालक धरून पाच-सहा."

"एक न्हाय आला तर?"

"दुसऱ्या पाळीतला उभा ऱ्हातो. बंब थांबत न्हाय आप्पा."

"हं." टोपी आणखी एकदा फिरली. "उद्या अक्षतांच्या येळेला बंबाची शिट्टी झाली तर?"

याआधी असं काही विचारलं की वीरेशचं उत्तर ठरलेलं असे, 'बघू की'. बारशाच्या आदल्या दिवशी तो तेच म्हणाला होता, पाठवणीच्या सकाळीही तेच. बाप त्या शब्दावर विसंबून बसे आणि मग तोंडघशी पडे.

"उद्या माझी रजा हाय," तो म्हणाला. "पण पूर-बिर काय आला आनि रजा रद्द झाली, तर जाईन आप्पा. आत्ताच सांगतो. जाईन."

सौंदर्यानं कपाळावर हात मारला. चुलत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता थोरलेपणाचा निकाल लागणार म्हणून शशिधर पाटावरून अर्धा उठला, आणि काय करावं न कळून पुन्हा बसला.

भरमाप्पांच्या चेहऱ्यावर राग शोधावा तर तो सापडत नव्हता. खरं तर तिथं काय होतं ते कुणालाच वाचता आलं नाही. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"शशी, उद्यापासनं घरातलं समदं तूबी शिकून घे. पूजा, दुकान, पाव्हणं, समदं. ह्यो नसला की तू उभा ऱ्हायचं. तू नसलास की ह्यो."

"म्हंजे थोरला कोण?" शिवगंगानं विचारलं. "नेमकं ठरलं काय?"

"मला काय म्हाईत?" भरमाप्पा खेकसले. "ठरंल तवा ठरंल. पोरांच्या पोटात सकाळपासनं काय न्हाय, वाढाय घे."

शिवगंगा हुग्गीचं भांडं घेऊन उठली आणि दोन पानांच्या मध्ये येऊन थांबली. पळी तिच्या हातात तशीच राहिली. एका बाजूला वीरेश, एका बाजूला शशिधर, आणि सगळी भावकी त्या पळीकडे बघत बसलेली.

"थांबलीस का?" भरमाप्पांनी वीरेशच्या पानाकडे बोट केलं. "आधी त्येला वाढ. त्यो कवा उठून जाईल सांगता येत न्हाय."